कुंग फूच्या मैदानावर चार सकाळी

ये वं बहिणी, कागदावरच का होईना, अशी जवळ ये. तिकडं तुझ्या गावी दाराशी पाय सोडून काय बसलीस, मला आता ओरडून बोलवत नाही. आणि आधी एक सांगते, रागावू नको. तुझं चुकलंच. म्हातारी नागपूरला कुंग फू पाहायला गेली हे ऐकून तू फोनवर किती वेळ हसत होतीस. हसून झाल्यावर तरी विचारायचं ना, काय पाहिलं म्हणून? तर "बरं, ठेवते" म्हणालीस आणि ठेवलास. म्हणून हे कागदावर उतरवलं. शाळेत मी गेले नाही हे तुला ठाऊकच आहे, माझ्या लेकाच्या, विलासच्या पाटीवर त्याच्यासोबत अक्षरं गिरवली, तेव्हा काना-मात्रा इकडची तिकडं झाली तर सांभाळून घे. मी बोलते तशीच लिहिते.

गेले कशाला, ते आधी. आमची पल्लवी, विलासची मोठी, नागपूरजवळ हिंगण्याला एका कंपनीत पॅकिंगला लागली. दोन मैत्रिणींबरोबर तिकडंच खोली करून राहते. तोपर्यंत दिवसपाळी होती. मग कळलं, त्या सोमवारपासून दुसरी पाळी लागणार. सुटायला रात्रीचे अकरा होतात, कंपनीची बस चौकात उतरवते, आणि तिथून खोली दहा मिनिटं पायी. मैत्रिणी दोघीही दिवसपाळीच्या, म्हणजे ही एकटी. विलास म्हणाला, नोकरी सोड आणि गावी ये. पल्लवी म्हणाली, मी वर्षभर कुंग फू शिकून राहिली, मले भेव नाही. विलास म्हणाला, ते सिनेमातलं नाचणं आहे, त्यानं काय होते. फोनवर दोघं आठ दिवस भांडले. शेवटी दोघांनी मिळून एक गोष्ट मान्य केली, की आजीनं जाऊन पाहावं आणि आजी सांगेल तसं करावं. रविवारी विलास येणार. मी हो म्हटलं तर एकटाच परत जाणार, नाही म्हटलं तर पोरीला सामानासकट घेऊन.

पोरीची नोकरी माझ्या जिभेवर ठेवून दोघं मोकळे झाले. मला कुंग फूतलं काय कळतं? मी धानाच्या बांधीत उभी राहिलेली बाई.

गुरुवार

नागपूरला मी दरवर्षी जाते, दीक्षाभूमीला. पण ते सगळ्या गावासोबत जायचं आणि सगळ्यांसोबत परतायचं. नागपुरात झोपून उठण्याची ही पहिलीच वेळ. पहाटे पल्लवीनं उठवलं. थंडी अशी की गोधडी सोडवत नव्हती. तिनं मला स्वेटर घातलं, त्यावर शाल, डोक्याला रुमाल बांधला आणि मैत्रिणीच्या स्कूटीवर मागं बसवलं. मैदानावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं.

मला वाटलं होतं, आरडाओरडा असेल, विटा फोडत असतील. तिथं तर चिडीचूप. पंचवीसेक माणसं, पोरी जास्त, घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून, गुडघे वाकवून उभी. घोडा मात्र नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कोणी हलेना. तोंडातून वाफ तेवढी निघत होती. आमच्याकडे रोवणीला बाया वाकतात त्या निदान हात तरी हलवतात, गाणं म्हणतात. हे नुसतं उभं राहणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझी नात, जी गावी पाण्याची कळशी उचलताना कुरकुर करायची, तिच्या मांड्या थरथरत होत्या आणि तोंड शांत होतं.

मग त्यांचे गुरुजी पुढं आले. कुंग फूत गुरूला सिफू म्हणतात म्हणे, पण इथं सगळे मधू सरच म्हणत होते. साठीचा माणूस, काटकुळा, दिवसा जळालेल्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळून द्यायचं, रिवाइंडिंगचं, दुकान चालवतो. हाताच्या बोटांना तांब्याच्या तारेचे बारीक ओरखडे. त्यांनी उजव्या हाताची मूठ डाव्या तळहातावर टेकवून नमस्कार केला आणि जुना एक फॉर्म करून दाखवला. फॉर्म म्हणजे एकामागून एक ठरलेल्या हालचाली, गुरूकडून शिष्याकडे आलेल्या. काय सांगू तुला. आधी माणूस वाऱ्यावरच्या पदरासारखा सैल, आणि मग एका जागी पाय पडला तो असा, की माझ्या खुर्चीखालची जमीन मला जाणवली. पुन्हा सैल. म्हातारपणी माणूस आखडतो असं मी समजत होते. माझे हात आपोआप जोडले गेले.

संपल्यावर सगळे टपरीवर गेले. तर्री-पोहे. आपण पोह्यांवर कोथिंबीर-खोबरं भुरभुरवतो आणि संपलं, इथं वरून चण्याची लाल रस्सेदार तर्री ओततात, सकाळी सकाळी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसरी प्लेट मी मागून घेतली.

शुक्रवार

त्या दिवशी मी ठरवून विचारायला बसले. मला रविवारी बोलायचं होतं.

पहिल्या भेटल्या कुसुमताई. एसटीत कंडक्टर होत्या, आता निवृत्त, आणि नातवंडं असलेली बाई रोज पहाटे पोरींच्या रांगेत उभी राहते. पल्लवीच्याच गल्लीत राहतात. मी विचारलं, ताई, खरं सांगा, ह्यानं बाईचं रक्षण होते का? तर त्यांनी मला बसची गोष्ट सांगितली. भरलेली गाडी, मधल्या वाटेत त्या उभ्या, दोन्ही हातांत तिकिटं, दांडीला धरायची सोय नाही. गर्दीचा फायदा घेऊन मुद्दाम अंगावर येणारे लोक रोजचे. मधू सरांकडे ते घोड्यावर बसल्यासारखं उभं राहायला शिकल्यापासून, म्हणाल्या, अंगावर येणारा स्वतःच सीटवर जाऊन पडायचा. "मी काहीच नाही केलं जी, फक्त हलली नाही."

मग त्यांनी मला एक प्रकार दाखवला. दोघी समोरासमोर, मनगटाला मनगट टेकवून, हात गोल फिरवत राहायचं आणि समोरचीचा जोर कुठून येतो ते हातानंच ओळखायचं. डोळे बंद. माझ्या हाताला हात लावला आणि मी एकदम हसले. अगं, जात्यावर दोघी दळायला बसलो की एकाच खुंट्यावर दोघींचे हात असतात ना? तुला ठाऊक आहे, समोरची दमली की तोंडानं सांगावं लागत नाही, खुंट्यातून कळतं. हे तसंच. कुसुमताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, बरोबर ओळखलंत, आणि लगेच माझा हात जरासा दाबला तर मी दोन पावलं मागं. ओळखणं वेगळं आणि येणं वेगळं.

दुसरी रेश्मा. सव्वीसेक वर्षांची, एका जिममध्ये शिकवते, रिंगमध्ये ठोसे-लाथांच्या स्पर्धा खेळते. तिनं सरांसमोरच तोंडावर सांगितलं, की फॉर्म म्हणजे कवायत. आजी, मले इथं सहा वर्षांत नाही समजलं ते रिंगमध्ये नाकावर एक बसली तेव्हा समजलं. मी म्हटलं, मग इथं काहून येतेस? ती म्हणाली, रिंगमध्ये मी जिंकते, पण इथं माझा श्वास जागेवर येते. आणि सर हसून ऐकत होते. शिष्यानं तोंडावर असं बोललेलं आपल्याकडे कोणत्या मास्तरला चालेल, सांग.

तेवढ्यात माझ्या हातून गोंधळ झाला. जोडीचा सराव सुरू होता आणि रेश्मानं पल्लवीवर झेप घेतली. खोटी खोटी, पण मला काय ठाऊक. पल्लवी मागं सरकली, तिचा पाय घसरला, आणि मी खुर्चीवरून उठून भुईमुगाच्या शेंगांची पिशवी रेश्माच्या पाठीत घातली. दोनदा. "सोड तिले" म्हणून. शेंगा मैदानभर उधळल्या.

लाज अशी वाटली की शाल तोंडावर घेतली. सगळं मैदान हसत होतं. रेश्मा पाठ चोळत शेंगा वेचत म्हणाली, सर, आजीचं नाव लिहा रजिस्टरमध्ये. सर मात्र हसले आणि मग एकदम गंभीर झाले. म्हणाले, "आजींनी नमस्कार नाही केला, पोझिशन नाही घेतली, समोरचा तयार आहे का ते नाही पाहिलं. मले हेच शिकवायचं राहिलं होतं." आणि पल्लवीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. मला कळलं, इथं काहीतरी आहे जे मला सांगितलेलं नाही.

शनिवार

शुक्रवारी खोलीवर परतल्यावर मी विचारलं नाही. ज्वारीची भाकर थापली, झुणका केला, ती जेवली, कामावर गेली. पोरगी स्वतःहून बोलेल तेव्हा बोलेल.

शनिवारी सकाळी सरावाच्या शेवटी सगळे गोल बसले. शनिवारी तसा रिवाज आहे, म्हणे गेल्या दिवाळीपासूनचा. ज्याच्यावर खरोखर काही बेतलं असेल त्यानं ते सगळ्यांसमोर सांगायचं, जे चुकलं तेसुद्धा. पल्लवी उठली. माझ्याकडे पाहिलं. मग बसलेल्यांकडे पाहून बोलायला लागली.

दिवाळीच्या आधी, संध्याकाळी सातची वेळ, लवकर अंधार पडायचे दिवस. बसस्टॉपवरून येताना एका माणसानं तिचं मनगट धरलं. तिनं काय केलं ठाऊक आहे? दोन पावलं घेऊन बरोबर पोझिशनमध्ये उभी राहिली आणि थांबली. कशाची वाट पाहत? तर वर्गात जोडीदार पुढं येतो, सरळ मूठ मारतो आणि हात तिथंच ठेवतो, म्हणजे समोरच्याला आपला डाव करता यावा. वर्षानुवर्षं सगळे तसाच सराव करतात. ही त्या मुठीची वाट पाहत होती. त्या माणसानं मूठ मारलीच नाही, त्यानं हिसका दिला. ही गुडघ्यांवर पडली, पर्स गेली. मग ओरडली, तेव्हा समोरच्या केळीच्या गाडीवरची बाई वजनाचा काटा घेऊन धावली आणि तो पळाला.

"माहे पाय एकदम बरोबर होते, सर म्हणतात तसे," पल्लवी म्हणाली, "अन् मी पडली."

 मला माझे हात कुठं ठेवावे कळेना.

मग मधू सर उठले. त्यांनी सांगितलं, की त्या दिवसानंतर त्यांनी आठ दिवस वर्ग बंद ठेवला. त्यांच्या गुरूंनी त्यांना दोन्ही शिकवलं होतं, ठरवून करायचं आणि न सांगता अंगावर येणारं. पण पुढं आईबापांना गॅदरिंगला दाखवण्यासारखं हवं होतं, मेडल हवं होतं, पोरांना लागू नये असं हवं होतं. यांनी दुसरा भाग हळूहळू सोडून दिला. कुंग फू खोटं नाही, म्हणाले, मी अर्धंच शिकवलं. वर्ग पुन्हा उघडला त्या दिवशी त्यांनी मूठ तळहातावर टेकवून आधी पल्लवीला नमस्कार केला होता. मला ते कुसुमताईंनी मागून कानात सांगितलं.

अगं, फॉर्म पाहून मी चकित झाले होते, पण हे वेगळंच होतं. साठ वर्षांचा गुरू, ज्याच्या पायाखाली जमीन वाजते, तो वीस-बावीस वर्षांच्या पोरीपुढं वाकला, आणि उभं आयुष्य जे शिकवलं ते उलगडून पुन्हा बांधायला बसला. असं मी कुठं पाहिलेलं नाही.

परतताना स्कूटीवरच विचारलं, घरी काहून नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर बाबा त्याच दिवशी घेऊन गेले असते."

खरंच होतं. मी म्हटलं, मी माझ्या लेकाशी खोटं नाही बोलणार, पल्लवी. तिनं गाडी हळू केली. मग म्हणाली, नको बोलू, मीच सांगते.

तो अख्खा दिवस मी खोलीत बसून काढला. सांगितलं की विलास नेणार. न सांगितलं तर मी कशाच्या जोरावर हो म्हणू? आणि खरं सांगते तुला, मलाही वाटत होतं, न्यावंच. गुडघ्यांवर पडलेली पोरगी डोळ्यांपुढून हलेना.

रविवार

विलास पहिल्या गाडीनं आला. हातात मोठी रिकामी पिशवी, म्हणजे मनातून ठरवूनच आला होता. पल्लवीनं त्याला मैदानावर नेलं आणि सरांसमोर सगळं सांगितलं, काही न वगळता. पर्स, गुडघे, सगळं.

विलास माझा शांत मुलगा. आवाज चढवला नाही, पण सरांना म्हणाला, "तुमच्या भरोशावर होती पोरगी."

"हाव," सर म्हणाले. "अन् माह्या चुकीनं पडली."

भांडायला तयार होऊन आलेल्या माणसाला समोरून हे ऐकू आलं की त्याचं काय होतं? विलासनं हातातली पिशवी खाली ठेवली. सर म्हणाले, दादा, मारामारी जिंकायला मी कोणाले शिकवून नाही राहिलो. हात सोडवायचा, बोंब मारायची, अन् माणसं असतील तिकडं पळायचं. एवढंच. तुम्ही माहं नका ऐकू, तिचा हात धरून पाहा.

विलासनं धरला. रस्ता ओलांडताना लहान पोरीचा धरतात ना, तसा.

"बाबा, घट्ट धरा," पल्लवी म्हणाली. "त्यानं धरला होता तसा."

विलासनं माझ्याकडे पाहिलं.  त्याचा पंजा तुला ठाऊक आहे, बैल आवरणारा. त्यानं घट्ट धरला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. पुढच्या क्षणी त्याची मूठ रिकामी होती. पोझिशन नाही, काही नाही. अंगठ्याच्या बाजूनं मनगट असं फिरलं, कोपर आत आलं, अंग खाली बसलं, आणि अशी बोंब मारली की झाडावरचे कावळे उडाले. ती पळाली ती फाटकाबाहेर, थेट पोह्यांच्या टपरीवर. मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्यांदा सरांनी विलासच्या कानात सांगितलं आणि पल्लवी कुसुमताईंशी बोलत असताना त्यानं मागून धरलं, दोन्ही हातांनी. ह्या वेळी सुटेना. एकदा झटका दिला, दोनदा दिला. बापाचा जोर तो. पल्लवीचा चेहरा पडला. रेश्मा पुढं व्हायला लागली तर सरांनी तिला थांबवलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, कधी कधी नाही सुटत. मग काय?

मग पल्लवीनं ओरडणं थांबवलं नाही. ओरडता ओरडता टाच उचलली आणि बापाच्या पायावर आपटली. विलास "माय वं" म्हणून खालीच बसला. ही पुन्हा टपरीवर.

परत येऊन ती त्याच्या पायाशी बसली, लागलं का बाबा, लागलं का. विलास पाय धरून हसत होता, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. म्हणाला, "आणखी जोरानं मारायची होती. धरणारा काही बाप नसते."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पोट्टी राहील. पण नुसत्या लाथेवर नाही. ते दहा मिनिटांचं पायी चालणं मला पसंत नाही. तर कुसुमताई म्हणाल्या, मी आयुष्यभर गाडीत होती, मले विचारा. बस चौकात थांबते कारण गल्लीच्या तोंडाशी थांबवा असं कोणी ड्रायव्हरला म्हटलंच नाही. दुपारी त्या आणि लंगडणारा विलास त्या ड्रायव्हरच्या घरी गेले. तोही दोन मुलींचा बाप निघाला. चहा पाजला आणि म्हणाला, सोमवारपासून गल्लीच्या तोंडाशी. कुसुमताई म्हणाल्या, तिथं मी उभी असेन. पाय फाकवून.

संध्याकाळी आम्ही माय-लेक परत निघालो. रिकामी पिशवी विलासनं घडी करून खिशात घातली. बसमध्ये त्यानं चप्पल काढून पाहिलं, अंगठा टम्म सुजला होता. मी हळद लाव म्हटलं तर म्हणाला, लावतो सावकाश.

सावकाश म्हणजे आजतागायत लावलेली नाही. गावात जो भेटेल त्याच्यापुढं पाय करतो आणि सांगतो, माह्या पोरीनं केलं. सरपंचाला दाखवला, गिरणीवाल्याला दाखवला, काल पोस्टमनला ओट्यावर बसवून दाखवला. नख काळंनिळं पडलं आहे, मुळातून हलायला लागलं आहे. पल्लवीचा सकाळी फोन येतो, रात्री खोलीवर पोचली म्हणून, की हा आधी अंगठ्याची खबर देतो आणि मग जेवलीस का विचारतो.

तर तू ये वं. आता "येते, येते" पुरे झालं. लेकीलाही घेऊन ये, चार दिवस राहा, मी भाकरी थापते, तू बोल. पण लवकर ये. त्याच्या अंगठ्याला नवीन नख फुटायच्या आत ये, नाहीतर दाखवायला काही उरलं नाही म्हणून विलास हिरमुसेल.